साच्यातलं पान

येरवडा, पुणे
१४ सप्टेंबर २०२५

ती. श्यामसुंदरकाकांना पूर्णिमाचा साष्टांग नमस्कार. नीरजाकाकूंनाही सांगा.

परवा फोन केला होता. तुम्ही तीनदा "कोण? कुठली पौर्णिमा?" असं ओरडलात आणि ठेवून दिलात. नंतर काकूंचा मेसेज आला की कानातलं यंत्र कानात नव्हतं, शर्टाच्या खिशात होतं. म्हणून हे पत्र. दोन वर्षं तुमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले, स्पर्धा परीक्षेत दोनदा आपटले, तुमचे टोमणे खाऊन मोठी झाले, आणि आता येरवड्याहून सदाशिव पेठेत टपालाने बोलायची वेळ आली. बाप्पा, काय दिवस!

नोकरी बरी चालली आहे. सहा महिने झाले. पहाटे साडेपाचला कंपनीची बस येते, शिक्रापूरच्या पुढे कारखाना. पवनचक्कीची पाती बनवतो आम्ही. एक पातं पासष्ट मीटरचं. तुमच्या गल्लीत आडवं ठेवलं तर दोन्ही टोकांना भांडणं लागतील. मोठ्या साच्यात काचेचं पांढरं कापड थरावर थर अंथरायचं, सुरकुती पडू द्यायची नाही. मग वरून प्लास्टिक ताणून हवा ओढून घ्यायची आणि रेझिन, म्हणजे पातळ चिकट राळ, सोडायचं. ते वाळलं की सगळं दगड. आत काय राहिलं ते मग कुणाला दिसत नाही.

खरी बातमी पुढेच आहे. दसऱ्याला आम्हा चौदा बायकांना एक आख्खं पातं आमचं आम्हाला घालायला, म्हणजे साच्यात तयार करायला, देणार आहेत. आजवर पुरुषांच्या टोळीत दोघी-तिघी असायचो. हे पातं पास झालं तर पंधरा नोव्हेंबरला आम्ही चौदाही जणी कायम. आणि त्याच्यावरच दुसऱ्या लाइनचं ठरणार, म्हणजे दीडशे जणांची भरती. माझा भाऊ शुभंकर वाशिमला आयटीआय करतोय, त्याचं नाव मी आत्तापासून मनात लिहून ठेवलंय. आमच्या कारंज्यात दहा पोरांना विचारा, नऊ म्हणतात पुण्याला जायचं. पुण्यात कुठे, ते एकालाही माहीत नसतं.

पण काका, मला चैन पडत नाही. जेवताना उठते, बसमध्ये उभी राहते. काचेच्या कापडाने हात खाजतात, मला वाटतं डोकंही त्यानेच खाजतंय. एक विचारायचं होतं. तुम्ही एकतीस वर्षं इंजिनांच्या फाउंड्रीत काढलीत. खंडेनवमीला तुम्ही नेमकं काय करायचात? आमच्याकडे पूजा गेटबाहेर टेबल मांडून करतात, आत उदबत्तीसुद्धा नाही. साच्याला हळदकुंकू न लावता पहिलं पातं घालायचं म्हणजे कसंतरीच वाटतं.

तुमची,
पूर्णिमा

*

सदाशिव पेठ, पुणे
१९ सप्टेंबर २०२५

चि. पूर्णिमास अनेक आशीर्वाद.

पत्र पाच दिवसांनी मिळालं. तू चालत आली असतीस तर दीड तासात पोचली असतीस, आणि चहाही मिळाला असता. पण आठवड्याच्या सुट्टीला तू झोपतेस असं ऐकतो. झोप हो. पेठेत येणं काही तेवढं महत्त्वाचं काम नाहीच.

पौर्णिमा नाही, पूर्णिमा, हे मला ठाऊक आहे. फोनमध्ये ठाऊक नव्हतं.

आता खंडेनवमी. आमच्या फाउंड्रीत हळदकुंकू, हार, नारळ हे सगळं मशीन शॉपवाले करायचे, फोटो काढून घ्यायचे. आम्हा साचेवाल्यांचं वेगळं होतं. दसऱ्याच्या पहिल्या ओतकामाला वाळूच्या साच्यात आपट्याचं एक पान ठेवायचं. कुणाला सांगायचं नाही, दाखवायचं नाही. मग वरून लोखंड ओतायचं. सोनं कपाटात ठेवलं तर ते नुसतं पान. कामाच्या पोटात ठेवलं तर सोनं. एकतीस दसरे मी स्वतः ठेवलं, माझा एकही जॉब, म्हणजे ओतलेला भाग, खराब म्हणून परत आला नाही. पटलं तर बघ. न पटलं तर म्हाताऱ्याला नाव ठेवायला तुझी काकू आहेच.

ती म्हणते, अभ्यासाची पुस्तकं घेऊन जा, खोली अडली आहे. तिच्या बोलण्याचा अर्थ तू येऊन जा असा असतो, तो तू लाव.

श्या. वि. खांबेटे

*

येरवडा
३ ऑक्टोबर २०२५

ती. काका,

घातलं! काल सकाळी सातला सुरू केलं, आज दुपारी हवा ओढली, संध्याकाळी रेझिन सोडलं. एकही सुरकुती नाही. क्वालिटीचा अवधूत म्हणून एक साहेब आहे, सत्तावीस वर्षांचा, "नाइस, नाइस, सुपर्ब लेअप" असं आमच्या अंथरलेल्या थरांना म्हणत साच्याभोवती दोनदा फिरला. आमच्या टोळीतल्या सगळ्यात थोरल्या मुक्ताबाई, इथल्याच गावच्या, त्या त्याला म्हणाल्या, "साहेब, नुसतं नाईस नका म्हणू, कागदावर ल्ह्या." लिहिलं त्याने!

तुमचं ऐकलं बरं का. पान ठेवलं. कुणाला दिसणार नाही अशाच जागी.

तुमची गोष्ट मी परवा बसमध्ये सगळ्यांना सांगितली, फाउंड्रीची, एकतीस दसऱ्यांची. मागच्या सीटवरची, ओव्हरटाइमसाठी लवकर येणारी दुसऱ्या पाळीची मुलंसुद्धा कान देऊन ऐकत होती. मला फार बरं वाटलं. आमच्या कामाला जुनं काहीच नाही हो काका. सगळं परदेशातून आलेलं, पुस्तकातून आलेलं. तुमच्यामुळे वाटलं की आपलंही काही आहे यात.

आता पातं साच्यातून निघेल, मग तपासणी, मग यार्डात. झोप अजून येत नाहीच. पण ही वेगळी.

पूर्णिमा

*

सदाशिव पेठ
९ ऑक्टोबर २०२५

चि. पूर्णिमा,

अभिनंदन. चौदा बायका एकत्र येऊन सुरकुती न पाडता काम करतात, हे मी काकूला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. तिने उत्तर दिलं, ते सुदैवाने ऐकू आलं नाही.

बसमध्ये माझं नाव घेऊन गोष्ट सांगायची गरज नव्हती. म्हाताऱ्यांच्या गोष्टी घरात ठेवाव्यात. असो.

पान कुठे ठेवलंस ते लिहिलं नाहीस. हत्यारांच्या पेटीत ठेवलं असशील, किंवा साच्याखाली. तेच योग्य. दिवाळीला कारंज्याला जाणार असशील तर जाताना दोन तास इकडे. चकल्या काकू करते, मी फक्त मोडक्या खातो.

श्या. वि. खां.

*

येरवडा
२६ ऑक्टोबर २०२५

ती. काका,

दिवाळीला आले नाही. कारंज्यालाही गेले नाही. घरी सांगितलं की ओव्हरटाइम आहे. तुम्हाला काहीच सांगितलं नाही, कारण काय सांगावं ते कळत नव्हतं.

पान पेटीत नाही. साच्याखालीही नाही. ते पात्यात आहे.

तुम्ही लिहिलं होतं ना, कामाच्या पोटात. मी तेच केलं. पात्याचा बुंधा असतो, जिथून ते चक्कीला बसतं, तिथे सगळ्यात जास्त थर. सतराव्या थरावर ठेवलं आणि अठरावा अंथरला. एवढंसं पान, वाळलेलं, मला वाटलं रेझिन पिऊन टाकेल त्याला. हातमोजे काढून ठेवलं, काका. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवलं होतं की केसही पडता कामा नये, आणि मी ओठांना लावून ठेवलं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अवधूतसाहेबांनी एक फिल्म दाखवली. कुठल्यातरी देशातलं मोडलेलं पातं. कापून दाखवलं तर आत चिकटपट्टीचा तुकडा राहिला होता, बोटाएवढा. त्याच्याभोवती थर सुटत गेले, सुटत गेले, आणि एक दिवस वाऱ्यात उभं फाटलं. "फॉरेन मटेरियल म्हणजे इथून क्रॅक सुरू, सिंपल," म्हणाले. बाकीच्या बायका वही काढून लिहीत होत्या. मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.

तपासणीत पातं पास झालंय. मशीन पट्ट्यापट्ट्यांनी फिरतं, दोन पट्ट्यांच्या मध्ये पान राहिलं असणार. आता ते यार्डात आहे. अकरा तारखेला ट्रेलर येईल आणि ते डोंगरावर जाईल. मी सांगितलं तर पंधरा तारीख गेली. माझी गेली तर गेली हो, पण चौदा जणींची. तीन-चार घरं तर फक्त या पगारावर उभी आहेत. आणि दुसरी लाइन. पुरुषांच्या टोळीतले आत्ताच म्हणतात, बायकांना दिलं की देवधर्म आलाच. आणि शुभंकर रोज विचारतो, ताई, फॉर्म कधी निघणार?

आणि नाही सांगितलं तर ते पातं वर फिरणार. त्याच्याखाली कुणी गुरं चारत असेल.

काय करू सांगा. तुमच्याशिवाय कुणाला विचारणार? तुम्ही साच्यात एकतीस वर्षं काम केलंय. तुमच्या जॉबना कधी काही झालं नाही म्हणालात, ते कसं? लवकर लिहा. रोज टपालपेटी उघडून बघते.

पूर्णिमा

*

सदाशिव पेठ
३० ऑक्टोबर २०२५

चि. पूर्णिमा,

पत्र आजच मिळालं, आजच उत्तर टाकतो.

गप्प बस.

पासष्ट मीटरच्या धुडात आपट्याचं एक पान. त्याने काय होणार आहे? तपासणी करणाऱ्यांना पगार कशाचा मिळतो? त्यांनी पास केलं, कागदावर लिहिलं, संपलं. तुझं काम पातं घालायचं, ते तू नीट केलंस. फिल्ममध्ये दाखवतात ते घाबरवायलाच दाखवतात. पंधरा तारखेला पत्र हातात घे, मग पुढचं पुढे.

हे कुणाशीही बोलू नकोस. मुक्ताबाई वगैरेंशी तर नाहीच. माझं नावही यात कुठे घेऊ नकोस. हे पत्र फाडून टाक. काकूला मी तुझं पत्र दाखवलेलं नाही.

श्या. वि. खां.

*

येरवडा
४ नोव्हेंबर २०२५

काका,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. हे तुम्हीच लिहिलंय का, म्हणून अक्षर पाहिलं. तुमचंच.

तुम्ही! दूधवाल्याने पिशवीवर खोटी तारीख छापली म्हणून त्याला जिन्यात अर्धा तास उभं करणारे तुम्ही. मी परीक्षेच्या फॉर्मवर पत्ता चुकीचा लिहिला तर "चूक झाली की दोन रेघांनी खोडायची, रबराने नाही," असं म्हणणारे तुम्ही. आणि आज मला म्हणता गप्प बस, पत्र फाड, माझं नाव घेऊ नकोस? तुमच्या नावाची तुम्हाला एवढी काळजी? मी तुमचं नाव घेऊन कुठे जाणार होते? मला रडू आलं, खरं सांगते. राग आला आणि रडू आलं.

आणि एक. मुक्ताबाईंनी परवा डबा खाताना आपणहून विषय काढला. त्यांचे मालक वीस वर्षं फाउंड्रीत होते. त्या म्हणाल्या, "आगं, तुझ्या काकाची ती गोष्ट मी घरी सांगितली. तर आमचं हे म्हणालं, साच्यात पान? कुणी शानं मानूस ठेवंल का? लोखंड वतलं की पान जळून वायू हुतो, जॉबला भोक पडतं. असला मानूस त्याच दिशी घरी जातो." आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिल्या की मी डबा बंद केला. त्यांना संशय आला आहे, काका. माझ्यावर नजर ठेवून आहेत. काल साच्यापाशीही माझ्या मागे मागे होत्या.

म्हणून सरळ विचारते. तुमच्याकडे खरंच पान ठेवायचे का? हो किंवा नाही. टोमणा नको.

अकरा तारखेला ट्रेलर आहे. दिवस मोजते आहे. काल कापड अंथरताना सुरकुती पडली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

पूर्णिमा

*

सदाशिव पेठ
७ नोव्हेंबर २०२५

चि. पूर्णिमा,

नाही.

कुणी ठेवत नव्हतं. मुक्ताबाईंच्या यजमानांचं बरोबर आहे. मला ते ठाऊक नव्हतं, कारण मी फाउंड्रीत नव्हतोच. मी टाइम ऑफिसात होतो. एकतीस वर्षं. कोण किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला, हे लिहायचं माझं काम. फाउंड्रीचं दार माझ्या टेबलावरून दिसायचं. तिथून लाल उजेड यायचा, माणसं काळी होऊन बाहेर यायची, हसत असायची. मला आत जायचा परवाना नव्हता. आपट्याचं पान मी माझ्या हजेरीच्या वहीत ठेवायचो. एवढीच ती प्रथा, आणि पाळणारा एकटा मी.

तू आमच्याकडे आलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलंस, काका, तुम्ही कारखान्यात काय करायचात? मी म्हटलं, फाउंड्री. का म्हटलं, देव जाणे. तू पुस्तक मिटून ऐकत बसलीस. मग दोन वर्षं रोज काहीतरी सांगावं लागलं. बाहेर येणाऱ्यांकडून जे कानावर पडलं होतं ते माझं म्हणून सांगत गेलो. तेव्हा कान चांगले होते. काकूला सगळं ठाऊक होतं. तिने तुझ्यासमोर एकदाही मला उघडं पाडलं नाही. आज तिला तुझी सगळी पत्रं दाखवली. ती माझ्याशी बोलत नाहीये, आणि ते मला ऐकू न येणाऱ्यातलं नाही, मला कळतंय.

तुला गप्प बस लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हतं. तू सांगितलंस की कुणीतरी विचारणार, हे डोक्यात कुणी भरवलं, आणि मग माझी फाउंड्री उघडी पडणार. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एवढ्याशा गोष्टीची लाज वाटली, आणि त्यासाठी मी तुला डोंगरावरच्या माणसांच्या डोक्यावर ते पातं टांगायला सांगितलं. याला काय म्हणायचं ते तूच ठरव. मी ठरवलं आहे, इथे लिहीत नाही.

सांगून टाक. माझं नाव घेऊन सांग. हवं तर हे पत्र पुढे कर. नोकरी जाईल कदाचित. त्याची भरपाई मी कशानेही करू शकत नाही, म्हणून तसलं काही लिहीत नाही.

हे तुला सोम-मंगळवारपर्यंत मिळेल. तोवर मी घरात बसेन असं वाटत नाही.

श्यामसुंदर

*

येरवडा
१२ नोव्हेंबर २०२५

ती. काका,

तुमचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. त्याच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं. आता एकेक सांगते, तुम्ही उभे असाल तर खाली बसा.

आमच्याकडे पाळी सुरू होताना सगळे लाइनवर गोल करून उभे राहतात. सुपरवायझर कालचं काम वाचतो, आणि शेवटी विचारतो, "कुणाला काही सांगायचंय?" इतक्या महिन्यांत मी तिथे कुणाला तोंड उघडताना पाहिलेलं नाही. तो विचारतो आणि उत्तराची वाट न बघता वही मिटतो. सोमवारी त्याने वही मिटली आणि मी म्हटलं, मला सांगायचंय.

सांगितलं. सतरावा थर, अठरावा थर, सगळं. मीच ठेवलं, माझ्या मनाने ठेवलं, बाकी कुणाला माहीत नव्हतं. अवधूतसाहेब पांढरेफटक पडले. "आर यू सिरियस? पान? म्हणजे, लीफ?" एवढंच म्हणाले. मग मुक्ताबाई पुढे आल्या. मला वाटलं, आता या माझी खरडपट्टी काढणार. तर त्या म्हणाल्या, "साहेब, माझं बी हाय. टोकाकडच्या अंगाला. हिनं बसमध्ये सांगितलं, मग मी बी ठेवलं." त्यांचा माझ्यावर संशय नव्हताच, काका. त्या स्वतःच महिनाभर जळत होत्या. म्हणून यजमानांना विचारलं, म्हणून माझ्या मागे मागे. दोघी एकाच पात्यात पान घालून एकमेकींना घाबरत होतो.

आणि मग मागून आवाज आला. दुसऱ्या पाळीचे दोघे ओव्हरटाइमला लवकर आले होते. म्हणाले, आमच्याही पात्यात. दोन पाती त्यांची. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या पाळीतलं एक निघालं. चार पाती, काका! पाच पानं. तुमच्या वहीतलं एक पान आमच्या यार्डभर झालं. बायकांना दिलं की देवधर्म, असं म्हणणाऱ्यांपैकीच एक त्यात होता. त्याच्याकडे मी बघितलं, तर तो बूट बघत होता.

काल आमचं पातं सगळ्यांसमोर घासून उघडलं. घासायचं मशीन मीच धरलं, साहेबांकडून मागून घेतलं. अठरावा थर निघाला आणि पान दिसलं. तपकिरी, जसंच्या तसं. भोवती तळहाताएवढा पांढरा डाग, तिथे रेझिन पोचलंच नव्हतं. अवधूतसाहेबांनी बोटाने दाबलं तर थर हलला. ते म्हणाले, दोन वर्षं टिकलं असतं, जास्तीत जास्त तीन. मी मशीन बंद करून खाली ठेवलं.

आता पुढचं. बाकीच्या बारा जणींना शनिवारी पत्रं मिळणार आहेत. त्यांनी पातं चांगलंच घातलं होतं, असं साहेबांनी वर लिहून पाठवलं. मुक्ताबाईंना आणि मला एप्रिलपर्यंत थांबवलंय, दुरुस्तीच्या खात्यात टाकलंय. काढलं नाही. का काढलं नाही ते मला कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमतही नाही. दुसऱ्या लाइनचं कुणी नाव काढत नाही. ट्रेलर रिकामा परत गेला. शुभंकरला मी खरं काय ते सांगितलं, तर तो म्हणाला, "काहून ठेवलं ताई?" बारा जणींपैकी तिघी माझ्याशी बोलत नाहीत. डबा लांब बसून खातात. त्यांचं चुकतं असं नाही मला म्हणता येत.

तुमचं नाव मी घेतलं नाही. तुम्ही लिहिलं होतंत म्हणून नव्हे. मी ठेवलं ते मीच ठेवलं. पण काका, मी तुमच्यावर रागावले आहे. फाउंड्रीबद्दल नाही, टाइम ऑफिसात होतात तर होतात, मी तितकंच ऐकलं असतं. गप्प बस म्हणालात, त्याबद्दल. तो राग अजून आहे आणि बरेच दिवस राहील.

आज सकाळी गेटवरच्या वॉचमनने मला थांबवलं. म्हणाला, "ताई, त्या पानाच्या भानगडीतल्या तुम्हीच ना? सोमवारी एक आजोबा आले होते. 'पान माझं आहे, पान माझं आहे,' असं ओरडत होते. मी म्हटलं कुणाला भेटायचंय, अपॉइंटमेंट आहे का, त्यांना काही ऐकू येईना. साडेतीन तास बाकावर बसले. पाणी दिलं तर थँक यू म्हणाले. मग गेले." मी त्याच्याकडून रजिस्टर मागून घेतलं.

तुमचं अक्षर पानभर दुसऱ्या कुणासारखं नाही. नाव: श्यामसुंदर विष्णू खांबेटे, निवृत्त टाइमकीपर. कुणाकडे: कारखान्याचे मुख्य व्यवस्थापक. काम: स्वतःची चूक सांगणे. माझं नाव कुठेच नाही. बाहेर, दोन वाजून पंधरा मिनिटं. आणि 'आत'च्या रकान्यात, दहा वाजून चाळीस मिनिटं.

आत तर तुम्हाला कुणी घेतलंच नाही, काका.

मी तिथे उभी राहून खूप रडले. वॉचमन बिचारा घाबरला.

रविवारी येते, पहिल्या बसने. रागावलेलीच येईन. यंत्र कानात घालून बसा, कारण मला मोठ्याने भांडायचं नाहीये.

पूर्णिमा